खातं : प्रणोती तांडेल

कोपरखैरणे, सेक्टर सात, रिक्षास्टँडच्या मागे
माझं सायकलचं दुकान.
लाल पाठीच्या वहीत एका पानावर तिचं नाव,
खाली पहिली नोंद :
पुढचं छोटं चाक, बेअरिंग, ऐंशी रुपये. बाकी.

तेव्हा तिची खुर्ची दवाखान्याची, भाड्याची,
वजन माझ्या लुनाएवढं.
बाप दिवाळ्याहून टेम्पोत घालून आणायचा,
हातात कोळंबीची पिशवी, म्हणायचा,
पैसे पुढच्या उधाणाला.
कशानं झालं, मी कधी विचारलं नाही.
सायकलवाल्यानं चाकाचं दुखणं विचारावं.

नेरूळच्या क्लबला तीन पायऱ्या.
वॉचमन गायकर तिला मागच्या फाटकानं घ्यायचा,
कचऱ्याच्या डब्यांमधून, पहाटे साडेपाचला,
साहेब लोक यायच्या आत.
केस गेलेले चेंडू तिच्या वाट्याचे.
कुंपणाशी साठले की बाप त्यांच्यावर पाग फेकायचा,
खाडीत फेकतात तसाच, कमरेतून वळून,
एका फेकीत तीस-पस्तीस चेंडू.

मी एकदा गेलो, स्पोक ढिला वाटत होता म्हणून.
या खेळात दोन टप्पे चालतात, गायकर म्हणाला.
मनात म्हटलं, मग सोपंय.
समोरून फटका आला आणि ती चक्क पाठ करून निघाली,
नजर खांद्यावरून मागे,
रॅकेट न सोडता त्याच हातानं चाक रेटत,
गोल फिरून परत तोंड जाळीकडे.
दुसऱ्या टप्प्याला ती तिथे होती.
चेंडू उशिरा आला.

मग खेळाची खुर्ची मिळाली, कुण्या बँकेकडून,
जुनी, दुसऱ्याच कुणाच्या कमरेची.
चाकं वर जवळ, खाली फाकलेली,
बेडूक बसतो तशी.
रबाळ्याच्या वेल्डरकडून सीट दीड इंच कापून घेतली.
तो म्हणाला, मोडली तर माझं नाव नको.
जिंकली तेव्हाही कुणी त्याचं नाव घेतलं नाही.
वहीत आहे : वेल्डिंग चारशे, चहा माझ्याकडून.

पुढे ट्यूब. ट्यूब. टायर जोडी, इंदूरला जायचंय.
पट्टा. ट्यूब.
पेपरात फोटो, आतल्या पानावर, खाली नाव प्रणिती.
पेढे. पुढच्या वर्षी पेढे. त्याच्या पुढच्या वर्षी
बापाला साखर निघाली, म्हणून फरसाण.
अशी पाच वर्षं ती देशात पहिली,
आणि क्लबला अजून तीन पायऱ्या.

एका रात्री फोन, बँकॉकहून.
विमानवाल्यांनी ॲक्सल वाकवून दिला होता.
मी इथून ओरडतोय, उलटा फिरव, उलटा,
ती जमिनीवर बसून, केस तोंडावर,
हातात एका कोरियन बाईचा पाना.
दोन दिवसांनी त्याच बाईला तिनं हरवलं.
वाईट नाही वाटलं? मी विचारलं.
पाना परत केला होता ना, म्हणाली.

तिच्या अंगठ्याच्या बुडाशी घट्टा आहे.
माझ्याही आहे, त्याच जागी.
यावर आम्ही कधी बोललो नाही.

गेल्या डिसेंबरात घणसोलीची दर्शिता घरत,
वय अठरा, शिकवलेली हिनंच.
अंतिम सामन्याआधी दोघींच्या खुर्च्या माझ्याकडे.
दोन्हीत सारखी हवा भरली,
काटा तीनतीनदा पाहिला.
बायको म्हणाली, एवढं काय पाहता?
सहा-चार, सात-पाच.
पेढे घरतांकडून आले. मी खाल्ले.

सोमवारी ती आली.
चाकांचा कोन दोन अंश कमी कर, खांदा ऐकत नाही.
मी पाना शोधत बसलो, समोरच असलेला.
म्हटलं, मग आता?
आता काय, गुरुवारी सोलापूर.

पैसे देताना तिनं वही ओढून घेतली,
पाठी पाठी जात पहिल्या पानावर थांबली.
हे ऐंशी अजून?
राहू दे, म्हटलं.
मग व्याज तरी लाव, म्हणाली, आणि निघाली
गटाराच्या झाकणाला वळसा घालून.

मागचं छोटं चाक कुरकुरत होतं.
मला ऐकू आलं.
हाक नाही मारली. येईलच.