पाठराखीण

परभणी. मे महिना, एकोणीस तारीख.
ज्वारीच्या प्लॉटमागच्या शेडमध्ये
दुपारी दोनला लाईट गेली, कूलर थांबला,
आणि आतला आकडा एकोणपन्नासवर चढला.

दोन ट्रे होते. एकाच पिशवीतलं बी,
एकाच बांधावरची काळी माती.
फरक एवढाच, की डावा ट्रे आदल्या दिवशी
मी दोन तास अडतीस अंशांत ठेवला होता.
भाकरी शिकणाऱ्या पोरीला
आधी नुसतं चुलीपाशी बसवतात, तसा.

पेशीत सगळा कारभार घड्यांवर चालतो.
प्रथिन म्हणजे लांबच लांब धागा;
घडी बसली तर कामाचं,
नाहीतर गुंता.
ऊन चढलं की घडी सुटते,
आतली चिकट बाजू उघडी पडते,
याचं टोक त्याच्यात, त्याचं भलत्याच कुणात,
आणि अंड्यातलं पांढरं एकदा घट्ट झालं
की कुणाच्या बापाला पुन्हा पातळ करता येत नाही.

तेवढ्यात त्या येतात.
ढोणेसर फळ्यावर लिहायचे : शॅपरोन.
मी वहीत लिहायचे : सुंद्रामावशी.

जिंतूरहून सेलूला,
जीपच्या मागच्या सीटवर, मांडीवर वळकटी घेऊन
माझी पाठराखीण म्हणून आलेली.
सांगण्यासारखं तिनं काहीच केलं नाही.
परक्या घरात मी उसवायला लागले
तेव्हा खांद्याशी धरलं.
"थांब माय, जरा गार होऊ दे."
आजूबाजूचं बोलणं मला चिकटू दिलं नाही.
पाचव्या दिवशी पिशवी उचलून
सकाळच्या एसटीनं परत गेली.

हेही तसंच.
पाठराखीण घडी घालत नाही.
घडी धाग्याला ठाऊकच असते,
उन्हात विसरलेली.
ती घडीभर धरते.
सोडते.
पुन्हा धरते.
दर धरण्याला रोप आपली शिदोरी मोडतं,
म्हणून त्या दिवसांत ते बोटभरही वाढत नाही.
लोक म्हणतात, खुंटलं.

साडेपाचला लाईट आली.
दोन्ही ट्रे सारखेच मेल्यासारखे.
मी पाणी घातलं आणि कुणाला काही बोलले नाही.

आठव्या दिवशी मोजलं.
उजवीकडे चाळिसात तीन, तीही पिवळी.
डावीकडे एकतीस.
पोंग्यातून एकेक हिरवं टोक,
सुईएवढं.

रजिस्टरला रकाने आहेत :
जगली. मेली. उंची. शेरा.
पाठराखणीला रकाना नाही.
शेऱ्यात लिहावं म्हटलं, पण ढोणेसर खोडतील.

रात्री मावशीला फोन लावला, सगळं सांगितलं.
तिला ऐकू कमी येतं.
"कोणाचं लगीन म्हणतीस?"
ज्वारीचं, म्हटलं.
बराच वेळ हसली. मग म्हणाली,
"मी काय केलं गं तवा?
मी तं नुसती बसले व्हते."

उद्या नवा ट्रे लावायचाय.
आधी अडतीस. दोन तास.