नाव घालणारा

कराडात मंडईच्या बोळात
भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर माझं मशीन.
मुठीएवढं. सुरू केलं की दाढ दुखल्यासारखं कण्हतं.
अक्षराला एक रुपया,
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
चाळीस वर्षं मी, इकबाल शिकलगार,
दुसऱ्याच्या भांड्यांवर तिसऱ्याचं नाव घालतो.

मार्चात एक माणूस आला, टेम्पो घेऊन.
एकावन्न भांडी.
पिंप, परात, कळशी, घंगाळ, बारा ताटं,
आणि दुकानातला सगळ्यात मोठा डबा.
'तिकडून मोजून सांगितलंय,' म्हणाला,
'कमी दिसायला नको.'
त्याच्या खिशात वहीचं पान, घडीवर फाटत आलेलं.
भांड्यांखाली फ्रिज, फ्रिजखाली तोळे,
शेवटी गाडी, आणि गाडीसमोर रंगसुद्धा.
पांढरा.

नाव सांगितलं वर्षाराणी.
म्हटलं, नुसतं वर्षा घालतो, पैसे वाचतील.
तो हसला नाही.
'पूर्ण घाला. तिच्या आईनं ठेवलंय.'

माझा ण लंगडा. मधला पाय आखूड राहतो,
उस्तादानं बोटांवर पट्टी मारूनही सुधारला नाही.
एकावन्न लंगडे ण त्या दिवशी
टेम्पोत चढले,
वर हळदीकुंकवाची बोटं.

दिवाळीनंतर हवालदारबाई आल्या.
'चाचा, चला. ओळख पटवायचीय.'

ओसरीवर भांडी मांडलेली, बाजार भरल्यासारखी.
सासू म्हणाली, आमचीच आहेत, माझ्या लग्नातली.
दीर मोबाईलवर शूटिंग घेत होता, कशाचं कोण जाणे.
दारात गाडी होती. पांढरी नव्हती.
त्यावरूनच पहिली थप्पड, असं बाई जीपमध्ये म्हणाल्या होत्या,
मग हिशेब वाढत गेला,
मग एका रात्री दोन वाजता पोरगी चप्पल न घालता
तासवडे टोलनाक्यापर्यंत चालत आली,
आणि पावत्या फाडणाऱ्या मुलीला म्हणाली,
मला आत बसू दे.

ती जीपला टेकून उभी होती. डावा हात गळ्यात.

परात हातात घेतली. नाव नव्हतं.
पॉलिश पेपरनं घासलेलं, गोल गोल, मन लावून.
सासू म्हणाली, बघा.
मी परात तोंडाजवळ धरली
आणि चष्म्यावर करतो तसं
हाऽ केलं.

वाफेत आलं वर.
व. र्षा. रा.
आणि माझा लंगडा ण, बेशरम,
आखूड पाय पुढं टाकत.

बाईंनी पंचांना दाखवलं. मी पुन्हा हाऽ केलं. पुन्हा आलं.
अशी सत्तेचाळीस भांडी. छाती भरून आली दमानं.

कळशीला पोचा होता, खोल.
बाई लिहीत होत्या : 'वापरामुळे पोचा.'
तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.
'वापरामुळे नाही.'
पेन थांबलं. बाईंनी ओळ खोडली.
दुसरी लिहायला बराच वेळ लागला,
तेवढ्या वेळात कोणीच खोकलंसुद्धा नाही.

बाप ते पान काढून टिका करत होता.
चार कमी भरतात, म्हणाला, चार कमी.
'आण्णा,' ती म्हणाली, 'आता मोजू नका.'
त्यानं घडी घातली. पान घडीवर फाटलं.

परतताना कोणी मला पैसे विचारले नाहीत.
मीही नाही.
जीपमध्ये मांडीवर कळशी होती, तिचा पोचा गुडघ्याला लागत होता,
आणि मला माझ्या घरातला फ्रिज आठवत होता.
निकाहाच्या आठ दिवस आधी
मीच म्हणालो होतो, काही नको आम्हाला,
फक्त लोक काय म्हणतील तेवढं बघा.
व्याह्यांनी बघितलं. डबल डोअर बघितला.
त्यासोबतच्या भांड्यांवर नाव घातलं मी,
फुकट,
माझ्या मुलाचं.

रात्री मशीन घरी नेलं.
सून भाकऱ्या थापत होती. 'अब्बा, हे कशाला आणलं?'
मांडणीवरचं पहिलं ताट उतरवलं, मांडीवर घेतलं,
बटन दाबलं, ते कण्हायला लागलं,
आणि सुई टेकवताना हात थांबला.
सात वर्षं आम्ही तिला जैबू म्हणतो.

'बेटा,' म्हटलं,
'तुझं पूर्ण नाव काय?'