उजवी बाही

मातोझिन्युशच्या धक्क्यावरून
सार्डिनचा वास घेऊन वारा येतो
आणि क्लबच्या तारेवर अकरा जर्सी
पोटं फुगवून उभ्या राहतात.

अबीलियूची नऊ नंबरची
मी तीनदा खंगाळायचे:
छातीवर अख्खा पेनल्टी एरिया,
खांद्यावर दुसऱ्याचं रक्त,
एकदा ओठांची लाली. कुणाची ते विचारू नका.

आता तो मॅनेजर आहे.
दोन करंडक, एक करडा लोकरी कोट.
कोटाला चिखल कसला लागतोय!
फक्त उजव्या बाहीचं टोक
दातांनी कुरतडलेलं.

काल चार-शून्य जिंकलो.
रात्रभर बोटींचे भोंगे वाजत होते.
सकाळी मी बाही चाचपली.
ओलीच.

काठ दुमडून पुन्हा शिवते,
बोलत काही नाही.
दर मोसमात
बाही बोटभर आखूड होत चालली आहे.