उसनी सकाळ

तुलांबेनच्या काळ्या गोट्यांवरून
मी सिलिंडर डोक्यावरून वाहते, खाली कापडाची चुंबळ.
जाताना जड. येताना दोनेक किलोंनी हलकं.
हवेला वजन असतं हे मला कुणी शिकवलं नाही,
माझ्या मानेनं ते रोज तोललंय.
जो पाण्यात घाबरतो
त्याचं सिलिंडर जास्त हलकं होऊन येतं.

माझी कादेक मात्र मनगटाकडे बघते.
आई, म्हणते, याला दोनच गोष्टी कळतात:
डोक्यावर पाणी किती, आणि किती वेळ झाला.
बाकी सगळा तर्क.
आत एक गणितातला माणूस बसवलाय,
त्याचं रक्त लगेच भरतं, सांधे सावकाश भरतात
आणि सावकाशच रिकामे होतात.
त्याला ताप येत नाही.
काल रात्री तो अराक प्यायलेला नसतो.
तीस मीटरवर ते म्हणतं, सोळा मिनिटं.
जरा वर सरकलं की आकडा आपणहून वाढतो,
घासाघीस न करता.
घाईनं वर आलं की किंचाळतं.
पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवतं,
उंबऱ्यावर पाय पुसायला लावावेत तसं.
आणि ऐकलं नाही तर रुसतं. अख्खा दिवस रुसतं,
खोली सांगतं, वेळ सांगतं, सल्ला देत नाही.

मी विचारलं, त्या जपानी बाईंच्या हातावरचं नऊ म्हणत होतं,
तुझं चार. बुडी तर एकच.
मग खरं कुणाचं?
खरं कुणाचंच नाही, कादेक म्हणाली.
कमी सांगतं त्याचं ऐकायचं.

त्या मंगळवारी तिच्या यंत्राची बॅटरी गेली.
रिंतिगनं, माझ्या धाकट्या भावानं,
आपलं काढून तिच्या हातावर बांधलं.
सकाळपासून तो दोनदा खाली जाऊन आला होता,
केसांतून अजून पाणी निथळत होतं.
मला काय, म्हणाला, दुकानातलं घेतो.

कादेकचा पाय अजून भिजला नव्हता
तरी पडद्यावरची पट्टी अर्धी भरलेली.
ती मामाची सकाळ होती.
पट्टा सोडून दुसरीकडे बांधला
म्हणून यंत्र काही ती विसरलं नाही.
चोवीस मीटरवर तिला दहाच मिनिटं मिळाली
आणि ती वर आली, गिऱ्हाईक कुरकुरत असताना.

दुकानातलं यंत्र आठवडाभर कपाटात होतं.
कोरं. भूतकाळ नसलेलं.
रिंतिगच्या हातावर ते उदारपणे म्हणालं,
पंचवीस.
ते खोटं बोललं नाही.
ज्या माणसाबद्दल बोललं तो तिथं नव्हता.

त्याचं सिलिंडर वर आणलं तेव्हा
माझ्या मानेला काहीच वेगळं लागलं नाही.
नेहमीसारखंच हलकं. हे मला अजून टोचतं.

दिवेलागणीला त्याचं कोपर ठणकायला लागलं.
आधी तो हसला. मग बोटं मिटेनात.
ऑक्सिजनचा मास्क लावून
देनपसारच्या रस्त्याला जीप लागली,
तिथं जाड दारांची एक खोली आहे,
तिच्यात माणसाला कोरड्यातच पुन्हा खोल नेतात
आणि या वेळी, हळूहळू, वर आणतात.

कादेक घरी माझ्याशेजारी बसून राहिली.
मामाचं यंत्र तिच्या मनगटावर तसंच.
पडद्यावर छोटं विमान, त्यावर काट,
खाली आकडा: सतरा तास उडू नका.
आमच्या घरातलं कुणी कधी विमानात बसलेलं नाही.
तरी आम्ही दोघी
रात्रभर तो आकडा उतरताना बघत राहिलो,
सोळा, पंधरा,
आणि फोन वाजायची वाट.

चारच्या सुमाराला वाजला.
बोटं मिटतायत, म्हणाला रिंतिग.
आणि लगेच, माझं घड्याळ कुठंय?