डावा शॉकप

मालगावच्या गतिरोधकावर पुढचं चाक आदळलं
आणि परत वर आलंच नाही मनापासून.
घरी येऊन पाहिलं : डाव्या दांडीवर तेलाचं कडं,
त्यात धूळ कालवलेली,
ओघळ पार ब्रेकच्या ड्रमपर्यंत.

गाडी भावाची. तो मस्कतला, म्हणून माझी.
बेडग, आरग, सलगरे,
सात दवाखाने, डब्यात बर्फ, बर्फात रक्ताच्या कुप्या,
दोनच्या आत मिरजेच्या लॅबमध्ये.
गॅरेजवाला म्हणाला, ‘शनिवारी लावा, बुधवारी न्या.’
मी सील घेऊन घरी आले. जोडी एकशे ऐंशीला.

रविवारी इंजिनखाली दुधाचा क्रेट,
हँडल ओढणीनं खिडकीच्या गजाला.
तळाचा बोल्ट जागीच फिरत राहिला,
तेव्हा शेजारच्या सुयोगला दांडीवर रेलायला लावलं,
तो रेलला, हसला, बोल्ट सुटला.
बादलीत पडलं ते तेल म्हणवेना :
करडं, सडक्या मासळीच्या वासाचं.

जुनं सील आईच्या उलथन्यानं, खाली चिंधीची घडी घालून.
नव्याच्या ओठाला कड लागू नये
म्हणून दांडीच्या तोंडावर दुधाची पिशवी, पिशवीला तेलाचं बोट.
जुनं सील नव्यावर ठेवून ठोकलं,
जाणाऱ्यानं येणाऱ्याला जागेवर बसवलं.
मापटं नव्हतं. वीसची सिरिंज होती.
सुई न लावता, आठ वेळा.

पुढच्या रविवारी पुन्हा कडं. पुन्हा डावीकडेच.
‘सील डुप्लिकेट,’ भाऊजी म्हणाले.
‘बाईच्या हातचं’ असं कुणी म्हणालं नाही,
फक्त चहा गार होईस्तोवर सगळे दांडीकडे बघत बसले.

समोरचे दस्तगीरचाचा. सतारीच्या घोड्या घासून घासून
डोळे गेलेत, अंगठा शाबूत.
दांडी मागून घेतली. वरून खाली अंगठा.
खालून वर.
मध्येच थांबले. ‘हितं.’
मला काही दिसेना.
‘बघू नको, मीनाक्षी. बोट ठेव.’

मोहरीच्या निम्म्यानं खड्डा.
आणि तो दगड आठवला,
सलगऱ्याच्या चढावर ट्रकच्या चाकाखालून आलेला.
भाऊ चालवत होता, मी मागे.
टण्ण झालं. मी विचारलं, काय रे?
‘काही नाही गं.’
दोन वर्षं ते ‘काही नाही’ दर खड्ड्याला
सीलच्या ओठावरून खाली-वर होत होतं.

चाचा म्हणाले, लाख भरली असती, पण तेलात टिकायची नाही.
मग ताईच्या लग्नातलं नेलपेंट, लाल, तळाशी घट्ट झालेलं.
तीन हात. प्रत्येक हात वाळेपर्यंत एक एक चहा.
वर पाण्याचा पॉलिश पेपर,
अंगठा ‘आता नाही’ म्हणेपर्यंत.
पुन्हा एकशे ऐंशी. पुन्हा आठ सिरिंजा.

आज मालगावचा गतिरोधक.
लाल ठिपका खाली गेला,
धुळीच्या टोपीत शिरला,
वर आला. कोरडा.
डब्यात कुप्या वाजल्या नाहीत.

रात्री मस्कतहून फोन : गाडी काय म्हणते?
म्हटलं, काही नाही रे.