पहिली ओढ

उद्यमनगरात, बीड ओतणाऱ्या दोन भट्ट्यांच्या मधे
दस्तगीर शिकलगारांचं दुकान. परवाना काचेत.
मी तिथं तिसऱ्या वर्षाचा पोऱ्या.
शनिवारी सुबराव इंगवले आले, बँकेचे रखवालदार,
शिक्क्याचं पत्र, आणि गोणपाटात गुंडाळलेली थ्री नॉट थ्री.
पोलादात कोरलेलं साल बेचाळीस.

"चाप अडतोय बघा मिस्त्री.
का बोटच अडतंया, कुणाला ठावं.
तीन सालं झाली, चांदमारीत गोळी खालीच जातीया.
साहेब म्हणत्यात, इंगवले, आता नातवंडं खेळवा."

रिकामी करून, दोनदा बघून, मी चाप ओढला.
पहिली ओढ नव्हतीच.
ती मऊ ओढ, जिच्या टोकाशी बोट थांबतं
आणि डोळा पुन्हा एकदा नेम विचारतो,
ती कुणी खाल्ली होती.
उरलेली दुसरी. वाळूतून गाडी ओढावी तशी.
ताणकाटा साडेचार किलोवर.

माझा हात गेला तेलाच्या दगडाकडे.
चाचांनी दगड काढून घेतला.
"घासलेलं परत चिकटवशील?
ही खटक्याची कड बघ, आरशासारखी. तुझ्याआधी एक शहाणा येऊन गेलाय.
लोखंडाला मारायच्या आधी लाकडाला विचार."

लाकूड उतरवलं.
नुसत्या सांगाड्यावर, डब्यातलं एक जुनं बुश मधे धरून
चापाचं कडं आवळलं.
ओढलं.
एक पायरी. मग दुसरी.
लोखंड निर्दोष.

मग बॅटरी लावून लाकडाच्या भोकात पाहिलं.
करंगळीच्या पेराएवढं बुश हवं तिथं
नुसता काळा तेलकट भुगा.
कधीतरी साफसफाईत पडलं असेल, झाडूबरोबर गेलं असेल.
त्यानंतर दर साली कुणी इमानदारीनं स्क्रू आवळला,
लाकूड दबत गेलं,
कडं वर सरकलं,
आणि कड्यात टांगलेला चाप,
त्याला कुठं स्वतःचं घर असतं?
तोही सरकला.

दुपारभर लेथ.
व्हर्निअर लावायचं, उतरवायचं, केसभर, परत केसभर.
दबलेल्या जागी अक्रोडाची चकती, सरसात.
एकदा जास्त कापलं, चाचा काही बोलले नाहीत,
नवा रॉड पुढं सरकवला फक्त.

सोमवारी काटा पावणेतीनवर.
सुबरावांनी बट खांद्याला लावली.
भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या रविवारावर नेम.
ओढलं. थांबले.
इतका वेळ थांबले की शेजारची भट्टी ऐकू यायला लागली.
मग टक्.

"म्हंजे त्यो मी न्हवं," ते म्हणाले,
आमच्याकडं न बघता.

रजिस्टरात सही करताना
त्यांच्या आडनावातला ग दोनदा थरथरला.
चाचांनी पाहिलं. मीही.
शाई वाळेपर्यंत वही उघडी राहिली,
आणि दोषाच्या रकान्यात चाचांनी लिहिलं,
बुश नव्हतं.