तिरपी काडी

तिसरीचा वर्ग. आज पुस्तक बंद.
रितिकाच्या बापानं तुराट्यांचा भारा आणून टाकला,
त्याची बंडी अजून फाटकाशी उभी.

दोन विटा, मध्ये हातभर अंतर.
पूल बांधा, म्हटलं.
वजनाला पोषण आहारातली डाळीची पाकिटं.

वंशचा पूल पहिल्याच पाकिटाला बसला.
तो हसला, मग रडला, मग
मोडकी काडी नाकाजवळ धरून
बराच वेळ बघत राहिला, कुठे मोडली ते.
हे मी शिकवलं नव्हतं.

रितिका बाहेर गेली,
बंडीच्या धुऱ्या कुठे जुळतात ते वाकून पाहिलं,
आली, आणि चौकोनात एक काडी तिरपी बांधली.
"आता नाई हालत जी, मॅडम."
चार पाकिटं. पाच.
मग तिनं वर स्वतःची चप्पल ठेवली.

'त्रिकोण' लिहायला मी खडू उचलला,
तेवढ्यात वंश म्हणाला,
"मंग नाल्यावरचा पूल काहून गेला?
त्याले तिरपी काडी नोहोती का?"

ठेकेदाराचा पोरगा पलीकडे, चौथीत.
भिंत पातळ आहे.

मी त्रिकोण लिहिला नाही.
वंशचा प्रश्न लिहिला, 'काहून'सकट,
आणि खाली:
उद्या डबे घेऊन नाल्यावर.